मडके आणि मार्टिन

मडके वाजवून घ्यावे, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांचे सोपे होते. मडक्यावर कुंभाराचे नाव नसायचे, तेव्हा वाजवण्यावाचून गत्यंतरच नव्हते. आता प्रत्येक वस्तूवर नाव असते. आपण नाव वाचतो आणि वाजवायचे विसरतो. निदान गिटार तरी माणसाने वाजवून घ्यावी की नाही? पण तिथेही तेच!

न्यू जर्सीत असलेल्या आमच्या भाच्याकडे एक जुनी जपानी गिटार होती. ताकामिने कंपनीची. मागाहून कुणीतरी पिकअप बसवलेली, म्हणजे हवी तर नुसती वाजवा, हवी तर विजेवर. सत्तरच्या दशकात ताकामिनेने अमेरिकेतल्या मार्टिनसारख्या हुबेहूब गिटारी काढल्या. स्वतःचे नावसुद्धा मार्टिनच्याच वळणाच्या अक्षरांत! लांबून बघणाऱ्याने मार्टिन वाचावे आणि जवळून बघणाऱ्याने चष्मा पुसावा. मार्टिनने हरकत घेतली, ताकामिनेने अक्षरे बदलली, प्रकरण मिटले. कोर्टाची पायरी कुणीच चढले नाही. तरी बाजार या गिटारींना ‘लॉसूट’ गिटारी म्हणतो आणि चढा भाव सांगतो. न झालेल्या खटल्याने असा फायदा करून दिल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

परीक्षा करायची ती अशी. आधी वायर न लावता कोरडीच वाजवावी. अँप्लिफायर म्हणजे लग्नातला मेकअप, तो सगळ्यांनाच शोभतो. मग मधल्या भोकाची कड बघावी. लाकडाच्या रेषा आरपार उतरल्या असतील तर फळी अखंड, थर दिसले तर प्लायवुड. घोडीमागे फळी फुगली आहे का बघावे. बाराव्या पडद्यापाशी तारा फार उचलल्या असतील तर मानेचे दुखणे समजावे. ते काढण्याचा खर्च कधी कधी गिटारीलाच भारी पडतो. आतल्या नंबराचे पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे. भाच्याच्या गिटारीवर ७८०५, म्हणजे मे १९७८. सगळ्या परीक्षांत ती उत्तम गुणांनी पास.

एके दिवशी भाच्याचा फोन आला.

“मामा, एक गृहस्थ मार्टिन समजून दुप्पट द्यायला तयार आहेत. मी मार्टिन म्हटलेलं नाही हं! त्यांनीच तसं वाचलं. मी फक्त गप्प बसलो.”

मी बँकेतला माणूस. म्हटले, “अरे, कॅशियरने चुकून दोनशे जास्त दिले आणि गिऱ्हाईक गप्प बसून निघून गेलं, तर ते संध्याकाळी कॅशियरच्या खिशातून जातात. ते गिऱ्हाईक तरी कुठे खोटं बोललेलं असतं?”

“पण मार्टिनने तरी स्वतःचं काय काढलं?”

पोरगा वाचलेला! आणि मुद्दा खरा. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन व्हिएन्नात योहान स्टाउफरकडे काम शिकला. त्याच्या सुरुवातीच्या गिटारी स्टाउफरच्याच घाटाच्या. त्याच्या गावी, मार्कनॉयकिर्शेनला, व्हायोलिनवाल्यांच्या संघाची तक्रार होती की या सुतारांना गिटारी करायचा अधिकारच नाही. १८३३ साली तो अमेरिकेला निघून गेला. म्हणजे आजचा अस्सल हा कालचा बिनपरवाना!

“खरं आहे,” मी म्हटले, “पण त्या गिटारी त्याने स्वतःच्या नावाने विकल्या, स्टाउफरच्या नव्हे.”

पलीकडे बराच वेळ शांतता. आयएसडीचे पैसे आता पडत नाहीत, हे बरे.

भाच्याने खरे सांगून टाकले. गृहस्थांचा चेहरा पडला, भावही पडला. गिटार मात्र मघाइतकीच गोड वाजत होती. खोटी नोट कितीही सुबक छापली तरी नुसता कागदच. गिटारीचे तसे नाही. तिचे नाव चुकीचे वाचले गेले तरी सूर खराच राहतो. खोटी ठरते ती विक्री.

तेव्हा वळण कुणाचेही गिरवावे. त्याशिवाय कुणी शिकलेले नाही. सही मात्र आपली करावी. दुसऱ्याची सही कितीही झोकदार जमली, तरी तिच्यावर मिळालेले पैसे मोजताना हात थरथरतो. आणि थरथरत्या हाताने गिटारही वाजत नाही.