पाप कुणी केलं?

घरात दुखणं आलं, मूल दगावलं, पीक बुडालं, की मंडळीतलं कुणीतरी हळूच विचारतं: यांचं काय चुकलं असेल? या प्रश्नामागे देवाच्या न्यायाची फार जुनी समजूत आहे. जसं कर्म तसं फळ, आणि बापाचं पाप तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या माथी. मोशेच्या नियमशास्त्रात ती आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बायबलमध्येच तिच्याविरुद्ध आवाज उठत गेला, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

इ. स. पू. 597मध्ये यरुशलेमेतून बाबेलला नेलेल्यांत यहेज्केल होता. वाडवडिलांच्या पापाची शिक्षा आपण भोगतो आहोत, असं बंदिवान म्हणत. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी त्यासाठी एक म्हणच रूढ झाली होती. यहेज्केलाने ती मोडीत काढली: ज्याचं पाप त्याचंच, आणि तो मागे फिरला तर तेही त्याच्या नावावर राहत नाही. ईयोबाचा ग्रंथ याच्याही पुढे गेला. ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याच्या दुःखाच्या मुळाशी पाप शोधतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवरच. दुःखिताला उपदेश करायला निघण्याआधी ही गोष्ट पुन्हा वाचावी.

जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी तोच प्रश्न विचारला: पाप याचं, की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी नव्हती असं सांगून त्याने ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगितलं.

पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित आन्सेल्मने पापाकडे देवाच्या मानाची हानी म्हणून पाहिलं. ती भरून काढणारा ख्रिस्त. सरंजामी युरोपात हे पटण्यासारखं होतं. मला मात्र त्यात नाडलेला माणूस कुठेच दिसत नाही. धर्मसुधारक लूथरला रोमकरांस पत्रात उमगलं की देवाचं नीतिमत्त्व विश्वासाने मिळणारं दान आहे. शिक्षेच्या धास्तीने पिचलेल्या मनांना त्याने केवढा मोकळा श्वास दिला!

आपल्याकडे हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी अंगावर झेलला. तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले, 1882मध्ये नवरा गेला. वैधव्य म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाची शिक्षा, असं मानणाऱ्या समाजाबद्दल त्यांनी 1887च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात लिहिलं. पुढे 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणून त्यांनी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. समाजाने पतित ठरवलेल्या बायकांसाठी तिथेच कृपासदन उभं राहिलं. पाप कुणाचं, हे विचारत बसण्यापेक्षा अन्न, शाळा आणि हाताला काम देणं हे देवाच्या न्यायाचं खरं आकलन, असं मी मानतो.

मात्र कृपेच्या नावाखाली अन्याय झाकला जाऊ नये. लोकांना लुबाडणाऱ्या यरीहोच्या जकातदार जक्कयाने काही परत करण्याआधीच येशू त्याच्या घरी गेला. त्यानंतर जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट द्यायचं कबूल केलं. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला मंडळीत ‘क्षमा कर’ एवढंच सांगतात, तेव्हा या गोष्टीचा परतफेडीचा अर्धा भाग गाळलेला असतो. तिला सुरक्षित राहायला जागा आहे का, हे विचारलेलं नसतं. नवऱ्याकडे तर कुणी कबुलीही मागितलेली नसते.