किंमत कोण भरतं?

आजचे वाचन : मार्क ३:१-६



आजच्या उताऱ्यात शब्बाथाचा दिवस आहे, सभास्थान आहे आणि हात वाळलेला एक माणूस आहे. प्रभू त्याला बरं करतो का, यावर काही लोक डोळा ठेवून बसलेत. बरं केलं तर आज्ञा मोडल्याचा आरोप करता येईल ना! प्रभू उलट त्यांनाच विचारतो, आजच्या दिवशी जीव वाचवणं योग्य की जीव घेणं? सगळे गप्प.

हा उतारा वाचला की मला डेस्मंड डॉस आठवतो. ‘हॅकसॉ रिज’ हा २०१६ चा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. सिनेमातली गोष्ट ओकिनावाच्या लढाईपाशी थांबते. हा माणूस मात्र त्यानंतर साठ वर्षं जगला, आणि मला वाटतं ती साठ वर्षंही आपण वाचायला हवीत.

डॉसचा जन्म १९१९ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्गचा. त्याच्या घरात दहा आज्ञांचं एक चित्र होतं. सहाव्या आज्ञेपाशी काइन आणि हाबेल दाखवले होते. भाऊ भावाला कसा मारू शकतो, हा प्रश्न त्या पोराच्या मनात कायमचा बसला. कुटुंब सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीतलं, म्हणजे शनिवार हा शब्बाथ. दुसऱ्या महायुद्धात तो जहाजबांधणीच्या कारखान्यात कामाला होता आणि त्या कामामुळे त्याला सैन्यातून सूट मिळू शकत होती. त्याने ती घेतली नाही. १९४२ मध्ये तो भरती झाला. म्हणणं एकच होतं : मी बंदूक हातात धरणार नाही, जखमींची सेवा करीन.

बराकीत त्याची टिंगल झाली. प्रार्थना करताना त्याच्या अंगावर बूट फेकले गेले. मानसिकदृष्ट्या अपात्र ठरवून त्याला घरी पाठवायचाही प्रयत्न झाला. तो हटला नाही.

आता खरा प्रश्न. डॉसचे हात स्वच्छ राहिले, ते इतरांच्या हातात बंदुका होत्या म्हणून, असं कुणी म्हटलं तर? युद्ध त्यालाही मान्य होतं, फक्त गोळी दुसऱ्याने झाडायची. मग हे तत्त्व की सोय? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. आपणही असं करतोच. लाच मी देणार नाही, पण काम करून देणारा एजंट काय करतो ते विचारणारही नाही. विवेक माझा, बिल दुसऱ्याच्या नावावर.

डॉसच्या बाबतीत बिल कुणाच्या नावावर आलं ते पाहू. ५ मे १९४५. वार शनिवार, म्हणजे त्याचा शब्बाथ. ओकिनावातल्या माएदा कड्यावर हल्ला फसला आणि बाकीचे सैनिक खाली परतले. डॉस वरच राहिला. एकेका जखमीला ओढत कड्याच्या टोकाशी आणायचं, दोराने बांधायचं, खाली सोडायचं आणि देवाकडे अजून एक मागायचा. त्याच्या मते आकडा पन्नासच्या आसपास होता, अधिकाऱ्यांच्या मते शंभर. शेवटी नोंद झाली ७५ ची. त्यात त्याची टिंगल केलेल्या कंपनीतलेच लोक होते.

२१ मे रोजी हातबॉम्बने त्याचे पाय जखमी झाले. स्ट्रेचरवरून नेत असताना त्याला जास्त घायाळ झालेला एक जण दिसला. तो स्वतः खाली उतरला आणि त्याला आधी न्यायला लावलं. मग त्याच्याच दंडाला गोळी लागली. मोडलेल्या हाताला आधार म्हणून त्याने रायफलचा दस्ता बांधला आणि सरपटत उपचार केंद्र गाठलं. रायफल त्याच्या कामी आली ती अशी.

यातून एक कसोटी मिळते. माझ्या ‘नाही’मुळे वाढलेलं ओझं मी स्वतः उचलतो का? डॉसच्या नकाराने तो सुरक्षित झाला नाही, उलट इतर परतले तिथे तो थांबला. बंदूक धरणाऱ्यांना त्याने पापीही ठरवलं नाही. म्हणून आक्षेप पूर्ण मिटत नसला, तरी त्या माणसाला ढोंगी म्हणता येत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं, आणि पाठोपाठ क्षयरोगाची वर्षं आली. एक फुप्फुस आणि पाच बरगड्या गेल्या. पुढे कित्येक वर्षं ऐकूही येत नव्हतं. बायको डॉरोथीने नोकरी करून संसार सांभाळला, मुलाला वाढवलं. तिनेच दिलेलं छोटं बायबल त्याने लढाईत जवळ बाळगलं होतं. ते हरवलं तेव्हा कंपनीतल्या सैनिकांनी रणांगणावर शोधून त्याला पाठवलं. बायबलची परतफेड झाली. डॉरोथीच्या वर्षांची कुणी केली? पदकाच्या मानपत्रात तिचा उल्लेख नाही. आपल्या निष्ठेची किंमत घरची माणसंही भरतात, बऱ्याचदा न विचारता.

म्हणून आज दोन छोट्या गोष्टी करूया. रविवारी उपासनेसाठी सुट्टी मागताना आपली ऑन-कॉल ड्युटी कोण घेतंय ते बघूया, आणि त्या सहकाऱ्याच्या दिवाळीतली ड्युटी न मागता घेऊया. आणि आपल्या सेवेपायी घरी कोण एकटं जेवतं, ते त्यांनाच विचारूया. उत्तर आवडलं नाही तरी पूर्ण ऐकूया.

प्रार्थना : हे प्रभू, तुझ्या नावाने आम्ही जे नाकारतो त्याचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकू देऊ नकोस. आमच्यासाठी ज्यांनी तो आधीच उचललाय, त्यांच्याकडे बघायला आम्हाला डोळे दे. आमेन.