मोड आलेली मटकी आणि क जीवनसत्त्व

बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व आपल्या शरीरातच ग्लुकोजपासून बनवतात. माणूस, माकडे, गिनीपिग यांच्याकडे त्या प्रक्रियेतले शेवटचे विकर नाही, म्हणून त्यांना ते अन्नातूनच मिळवावे लागते. हे ॲस्कॉर्बिक आम्ल पाण्यात विरघळते आणि हवा व उष्णतेने नासते. शरीरात त्याचा साठा जेमतेम दीड ग्रॅम असतो. कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या यांना घट्टपणा देणारे कोलॅजन त्याच्यावाचून पक्के होत नाही. पुरवठा तुटला की एक ते तीन महिन्यांत हिरड्यांतून रक्त येते, सांधे दुखतात, जखमा भरत नाहीत. हीच स्कर्व्ही.

ब्रिटिश नौदलातल्या जेम्स लिंड या वैद्याने 1747 मध्ये खलाशांना संत्री-लिंबे देऊन बरे केल्याची गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते. मराठी माणसाला जवळची गोष्ट मात्र कूतची आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात, इराकमधल्या कूत शहरात तुर्कांनी वेढलेल्या ब्रिटिश हिंदी फौजेच्या पूना डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. भाजीपाला जवळपास नव्हताच. गोऱ्या सैनिकांनी घोड्याचे मांस खाल्ले. ताज्या मांसात थोडे क जीवनसत्त्व असते. हिंदी सैनिकांनी धर्म आणि रूढीमुळे ते बराच काळ नाकारले, आणि स्कर्व्ही पसरली ती मुख्यतः त्यांच्यात.

भाजीपाला नसला तरी एक मार्ग उरतो. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, पण तेच भिजवून मोड आणले की ते तयार होऊ लागते. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी त्याच महायुद्धाच्या काळात गिनीपिगांवरील प्रयोगांतून मोडांचा हा गुण दाखवला. मटकी फडक्यात बांधून ठेवणाऱ्या घरांना त्यामागचे रसायन ठाऊक नव्हते, एवढेच! अर्थात उसळ कुकरमध्ये गाळ होईपर्यंत शिजवली, तर त्यातले बरेच क जीवनसत्त्व वाया जाते.

क जीवनसत्त्वाची उणीव इतिहासजमा झालेली नाही. दिल्लीलगतच्या बल्लभगढ भागात साठीपुढच्या लोकांचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे 74 टक्के लोकांत क जीवनसत्त्व कमी आढळले. दक्षिण भारतातल्या गटात हे प्रमाण सुमारे 46 टक्के होते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत अपुऱ्या आहाराबरोबर तंबाखू आणि चुलीच्या धुराचाही संबंध दिसला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम पुरतात. मध्यम आकाराच्या एका पेरूत त्याहून अधिक असते. पोह्यांवर पिळलेले लिंबू धान्यातले लोह शोषायला मदत करते, मात्र ते कढई उतरवल्यावर पिळावे. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी 1970 मध्ये सर्दीसाठी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा पुरस्कार केला, पण पुढच्या चाचण्यांत सर्वसाधारण माणसाची सर्दी टळली नाही. नियमित घेणाऱ्यांची ती किंचित लवकर बरी झाली. रोज दोन ग्रॅमपेक्षा जास्त घेतल्यास जुलाब होऊ शकतात आणि मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना धोका वाढतो. ताजे खाणाऱ्या निरोगी माणसाला क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची गरज नाही.