अनुभूतीचे रसायन आणि बुद्धीची अमानत

डीपीटी म्हणजेच डायप्रोपिलट्रिप्टामाइन हे नाव आपल्या कानावर कदाचित आले नसेल. प्रयोगशाळेत तयार होणारे हे भ्रमजनक रसायन आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील मेरीलँड येथे विल्यम रिचर्ड्स प्रभृती संशोधकांनी मानसोपचाराला जोड म्हणून ते मद्यासक्तांना आणि मृत्यूच्या छायेतील कर्करुग्णांना दिले. पुढे न्यूयॉर्कमधील एका पंथाने त्यालाच प्रसाद मानले.

आता कोणी विचारील, ज्याचे नाव ना कुरआनात ना हदीसमध्ये, जे घेऊन मनुष्य भांडत नाही, उलट रडत ईश्वराचे स्मरण करतो, ते निषिद्ध कसे?

नावाचे उत्तर सोपे आहे. ह. उमर (रजि.) यांनी मद्याची ओळख द्राक्ष-खजुरापुरती ठेवली नाही, बुद्धीला झाकते ते मद्य, असा निकष सांगितला. इमाम इब्न तैमिया यांनी हशीशलाही निषिद्धच ठरविले.

अनुभूतीचा प्रश्न मात्र अधिक गहन आहे. मक्केच्या विरोधकांनी प्रेषितांना (स.) वेडे म्हटले, तेव्हा कुरआनने तो आरोप ठामपणे फेटाळला. दिव्य प्रकटन जागृत बुद्धीवर अवतरले आणि त्याने माणसाला विचारच करावयास सांगितले. आपण काय बोलतो हे उमजेपर्यंत नशेत नमाजजवळही जाऊ नये, ही कुरआनची आज्ञा आहे. बुद्धी हरपलेल्याकडून शरीअत नमाज मागत नाही. मग बुद्धी हेतुपुरस्सर दूर सारून केलेल्या स्मरणाला उपासना कसे म्हणावे? उपासना म्हणजे दासाने शुद्धीवर राहून केलेली निवड. रसायनाने आणलेले अश्रू त्याच्यासोबतच ओसरतात. पहाटेची झोप मोडून उठलेला मनुष्य मात्र दिवसभर त्या निवडीला बांधलेला राहतो.

मरणभयाने व्याकुळ झालेल्या रुग्णाचा प्रश्न वेगळा आहे. उपचाराची निकड किती आणि अन्य उपाय आहे काय, हे जाणकार वैद्य व धर्मपंडितांनी मिळून ठरवावे. त्याच्यावर निवाडा देण्याची घाई आपण करू नये. आपण स्वतःला एवढेच विचारावे: आजाऱ्याची विचारपूस हा त्याचा आपल्यावरील हक्क आहे. ज्या भीतीवर औषध शोधण्यासाठी संशोधकांनी वर्षे वेचली, त्या भीतीत कण्हणाऱ्या शेजाऱ्याच्या उशाशी आपण किती वेळ बसलो?