आकाशांतील मौन



गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांत उपासना आटोपल्यावर अकरा वर्षांच्या एका मुलानें तेथील उपदेशकांस विचारलें, “मास्तर, देवानें इतके तारे केले, तर तेथें कोणी राहत असेल काय? आणि असेल, तर ते आपणांशीं बोलत कां नाहींत?” “तसें कोणी नसतें,” म्हणून त्यांनीं त्यास गप्प केलें. तें उत्तर खोटें होतें असें माझें म्हणणें नाहीं. तें त्यांस ठाऊक नव्हतें, इतकेंच.

हाच प्रश्न १९५० सालीं अमेरिकेंत लॉस अलामॉस येथें जेवतां जेवतां एन्रिको फर्मी ह्या थोर शास्त्रज्ञानें काढिला होता. पुढें १९६० सालीं फ्रँक ड्रेक ह्यांनीं ग्रीन बँक येथील २६ मीटर व्यासाच्या रेडिओ-दुर्बिणीचा रोख दोन जवळच्या ताऱ्यांकडे धरिला. (नारायणगांवाजवळ खोडद येथील तबकड्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस असें यंत्र कसें दिसतें हें सांगावयास नको.) ताऱ्यांकडून कोणाचा शब्द आला नाहीं. १९७७ सालीं ओहायोंत ७२ सेकंद एक विलक्षण संकेत मिळाला. पुष्कळ शोधूनही तो पुन्हां सांपडला नाहीं.

कित्येक म्हणतात, इतकीं वर्षें कोणी बोलत नाहीं, त्याअर्थीं कोणी नाहींच. परंतु आपण ऐकलें तरी किती? २०१८ सालीं जेसन राइट व त्यांचे सहकारी ह्यांनीं हिशेब मांडिला. दिशा किती, लहरी किती, वेळ किती, आवाज किती क्षीण, हें सर्व जमेस धरितां, पृथ्वीवरील साऱ्या समुद्रांपैकीं आपण जेमतेम एक हौद पाणी तपासिलें आहे. हौदांत मासा मिळाला नाहीं म्हणून समुद्रांत मासे नाहींत, असें कोणता कोळी म्हणेल?

शिवाय अंतर केवढें! १९७४ सालीं आरेसिबोहून एका दूरच्या तारकागुच्छाकडे संदेश धाडिला. प्रकाशाच्या वेगानें जाऊनही त्यास सुमारें २५,००० वर्षें लागतील, आणि उत्तर यावयास तितकींच. धाडणारी दुर्बीण तर २०२० सालींच कोसळली. दोन डोंगरांवरील दिवे एकाच रात्रीं जळत असले, तरच एकास दुसऱ्याचा उजेड दिसतो. तिकडचा दिवा कदाचित् विझला असेल, कदाचित् अजून लागावयाचा असेल. कदाचित् दुसरा डोंगर ओसाडच असेल व आपण खरोखर एकटे असूं. हेंही मनांतून काढूं नये.

ईयोबाच्या मित्रांचा दोष आठवा. जें त्यांस कळलें नव्हतें, तें ते देवाच्या वतीनें मोठ्या खात्रीनें बोलले. उपदेशपीठावरून असें बोलणें आम्हां सर्वांस फार सोपें जातें.

त्या उपदेशकांस मात्र आपलें उत्तर बोचत राहिलें. तालुक्याच्या शाळेंतील शिक्षकांस विचारून घेऊन मार्गशीर्षांतल्या एका अंधाऱ्या रात्रीं त्यांनीं मुलास खळ्यावर नेलें, आणि दक्षिणेकडे तिमिंगल तारकासमूहांतील ताऊ सेटी नांवाचा मंद तारा दाखविला. ड्रेक ह्यांनीं निवडलेल्या दोहोंपैकीं हा एक. “बाळा, त्या दिवशीं मी न समजतां बोललों,” ते म्हणाले. “हा उजेड तेथून निघाला, त्यास सुमारें बारा वर्षें झालीं. तेव्हां तूं जन्मलाही नव्हतास.”

मुलगा पुष्कळ वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे तेथें आज कोणी दिवा लावला असेल, तर तो मला तेविसाव्या वर्षीं दिसेल.”