रंकाळा काय त्यासाठीच आहे?

काय गं, पुन्हा बुडवलीस पोरगी? वार्षिक अंकासाठी दोन मुलींच्या प्रेमाची गोष्ट दरवर्षी एखादी तरी येते आणि शेवटच्या पानावर त्यातली एक पाण्यात. रंकाळा काय त्यासाठीच आहे?

तेंडुलकरांचा दाखला मला देऊ नकोस. कोल्हापूरशी त्यांचं नातं, म्हणून ते आपल्या घरचे वाटतात, ठीक आहे. पण ‘मित्राची गोष्ट’ नीट वाचलीस तरी का? त्यातली सुमित्रा चाळीसच्या दशकातल्या पुण्यातली. 1981 मध्ये रोहिणी हट्टंगडींनी ती रंगमंचावर उभी केली. मरते ती, पण त्याआधी हट्ट करते, भांडते, बापू या मित्राला राबवून घेते, नमा या मुलीसाठी जीव टाकते. आधी जिवंत माणूस उभं राहतं, मग जातं. तुझी नायिका पहिल्या पानापासून खिडकीत बसून उसासे टाकते. ती मेली काय नि जगली काय, वाचणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.

त्या नाटकानंतर वर्षभरात, 1982 मध्ये, अमेरिकेत नॅन्सी गार्डन यांची ‘अ‍ॅनी ऑन माय माइंड’ आली. सतरा वर्षांच्या दोन मुली, आणि शेवटी दोघी एकमेकींच्या. ते पुस्तक लोकांनी 1993 मध्ये कॅन्सस सिटीत जाळलं. शोकांतिका सगळ्यांना चालते गं. पोरी सुखात राहिल्या की काडेपेटी निघते. याचा विचार केलायस कधी?

आणि ती दुसरी मुलगी. तिचा आधी एका मुलावर जीव होता, म्हणून तिला थेट दगाबाज करून टाकलीस. ‘दोन्ही डगरींवर हात’ हे वाक्य तू एकदा नाही, दोनदा लिहिलंयस! मुलगाही आवडू शकतो आणि मुलगीही, यात फसवणूक कुठे आली? सचिन कुंडलकरांचं ‘कोबाल्ट ब्लू’ 2006 चं, आपल्याच मराठीतलं. बहीण-भाऊ दोघंही एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. तो निघून जातो, दोघंही मोडतात, पण ‘असलाच असतो हा प्रकार’ असा शेरा लेखक मारत नाही. तू मारलास.

तुझा हवालदार म्हणतो, ‘हा गुन्हा आहे.’ गोष्ट आत्ताची ना? दोघी एस.वाय.च्या, सज्ञान. मग 6 सप्टेंबर 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुझ्या हवालदाराला नाही तर नाही, तुला तरी माहीत हवा होता.

एकच जागा बरी उतरलीय. काठावर भेळ खाताना मोटारसायकलवरून भावाचा मित्र जातो आणि एक जण चटकन ओढणी सावरून थोडी लांब सरकते. तिथे मला कोल्हापूर दिसलं. त्या रात्री घरी जेवताना ताटावर काय झालं, ते कुठाय? आई काय बोलली, काय गिळून बसली? ते लिहायला कष्ट पडतात, म्हणून तू तळं गाठलंस.

शेवटची चार पानं फाड. सोमवारी पहिल्या तासाला नवीन हवीत, हाताने लिहिलेली. मोबाईलवर पाठवलीस तर उघडणारसुद्धा नाही.