दुःखाची सप्तमी

मे महिन्यात नात वाईला आली तेव्हा तिच्या सॅकमध्ये कपड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त होती. तेरा वर्षांची आहे. 'द हंगर गेम्स'चे तिन्ही भाग होते. त्यात मुलं मुलांना मारतात आणि मोठी माणसं ते टीव्हीवर बघतात, एवढं तिनं मला पहिल्याच जेवणात सांगून टाकलं. शेजारच्या काकू आल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, या वयात असलं काय वाचायला देता?" मी म्हटलं, "महाभारत देतोच की." त्या हसल्या आणि विषय संपला. उत्तर चटपटीत होतं, पण माझं मलाच पुरतं पटलेलं नव्हतं.

चौथं पुस्तक बारीकसं होतं. मुखपृष्ठावर दाढीवाला एक म्हातारा. "आजी, हे तू वाच. हे छोटं आहे." लोइस लोरी या अमेरिकन लेखिकेची 'द गिव्हर', १९९३ सालची. तो म्हातारा कार्ल नेल्सन नावाचा चित्रकार, फोटो खुद्द लोरीबाईंनीच काढलेला. रंगांत आयुष्य घालवलेल्या त्या माणसाची दृष्टी पुढे गेली. हे मला नंतर कळलं, पण तेव्हापासून तो चेहरा मी फार वेळ बघू शकत नाही.

मी बत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. इंग्रजी कादंबरी म्हणजे माझ्यासाठी घाट चढणं. शेवटी असं ठरलं की रोज संध्याकाळी झोपाळ्यावर नातीनं वाचायचं, मी ऐकायचं, आणि अडलं तिथे दोघींनी थांबायचं.

गोष्ट एका वस्तीची आहे. तिथे भूक नाही, भांडण नाही, युद्ध नाही. नवराबायको नेमून मिळतात, मुलंही अर्ज करून मिळतात, एक मुलगा आणि एक मुलगी. रोज सकाळी स्वप्नं सांगायची, संध्याकाळी मनात काय काय आलं ते सांगायचं. अंगात तारुण्याची चाहूल लागली की रोज एक गोळी. टेकड्या नाहीत, बर्फ नाही, रंगसुद्धा नाहीत. या सगळ्याला ते 'सेमनेस' म्हणतात. माणसं बेचव असली तरी वाईट नाहीत. आमच्या काळच्या विज्ञानकथांत, म्हणजे भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या जूल व्हर्नमध्ये किंवा पुढे नारळीकरांमध्ये, एखादं यंत्र किंवा शोध नवल म्हणून समोर यायचा. इथे यंत्र जवळजवळ दिसतच नाही. नवल आहे ते माणसांच्या शांततेचं.

ही शांतता टिकते ती एका माणसाच्या जिवावर. मागच्या सगळ्या पिढ्यांच्या आठवणी, युद्ध, भूक, मरण आणि त्याबरोबर सूर्यप्रकाश, नाताळ, आजीआजोबा, हे सगळं त्या एका म्हाताऱ्याच्या अंगात साठवलेलं. बारा वर्षांच्या जोनसला त्याचा वारस नेमतात. म्हातारा त्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि आठवण देतो. पहिली मिळते ती बर्फावरून घसरगाडीवर बसून उताराला लागल्याची.

तिसऱ्या संध्याकाळी नातीनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं. "आजी, तू रोज म्हणतेस ना ते, दुःखात घाबरायचं नाही, सुखाची हाव नाही, राग नाही. मग ही सगळी माणसं स्थितप्रज्ञच आहेत ना?"

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले शेवटचे श्लोक आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून संध्याकाळी म्हटले जातात. गांधीजींच्या आश्रमातल्या प्रार्थनेतून ते कितीतरी घरांत आले, तसेच आमच्याही. विनोबांनी १९४४ साली शिवनीच्या तुरुंगात याच श्लोकांवर व्याख्यानं दिली. 'स्थितप्रज्ञ-दर्शन' माझ्या उशाशी असतं. एवढं असून मला त्या क्षणी उत्तर आलं नाही. दिवा लावायची वेळ झाली, असं म्हणून मी उठले. शिक्षकाला पळवाटा बऱ्या सुचतात.

रात्री सुचलं ते व्याकरणातून. त्या श्लोकांत 'दुःख' आणि 'सुख' हे दोन्ही शब्द सप्तमीच्या अनेकवचनात आहेत. दुःखांमध्ये, सुखांमध्ये. सप्तमी म्हणजे अधिकरण, जागा. घागरीत पाणी असतं तसा तो माणूस दुःखांत आहे, आणि तिथे असून डगमगत नाही. जोनसच्या वस्तीला संस्कृतात लिहायचं तर 'विना' वापरावं लागेल. 'विना'बरोबर सप्तमी येत नाही. त्याच प्रकरणात पुढे समुद्र येतो: चहूकडून पाणी येऊन मिळतं आणि तो आपली मर्यादा सोडत नाही. वस्तीवाल्यांनी काय केलं, तर नद्याच बंद केल्या. मग जे उरलं त्याला समुद्र म्हणायचं की कोरडा खड्डा?

सकाळी चहा घेताना मी हे मोठ्या थाटात सांगितलं. नात म्हणाली, "पण दुःख नको हे तर तुमचं पण म्हणणं आहे ना? बुद्धाचं पण?"

पोरगी बरोबर बोलत होती. ईश्वरकृष्णाची 'सांख्यकारिका' पहिल्याच श्लोकात तीन प्रकारच्या दुःखांनी गांजलेल्या माणसापासून सुरू होते. दुःख कसं जाईल हाच प्रश्न. पण तिथेच पुढे एक शंका काढली आहे. औषध आहे, पैसा आहे, असे डोळ्यांना दिसणारे उपाय असताना हा तत्त्वज्ञानाचा उपद्व्याप कशाला? त्यावर उत्तर असं की ते उपाय खात्रीचे नाहीत आणि कायमचे नाहीत. मी हे शब्द जन्मभर पाठ म्हणवून घेतले, पण त्यांचं इतकं चोख उदाहरण मला कुठल्या भाष्यात मिळालं नव्हतं. गोळी थांबली की चाहूल परत. आणि वस्तीनं दुःख नाहीसं केलेलंच नाही, एका म्हाताऱ्याच्या हाडांत गहाण ठेवलंय. दहा वर्षांपूर्वी जी मुलगी वारस नेमली होती, तिला ते सोसवलं नाही. ती गेली तेव्हा तिला मिळालेल्या आठवणी सगळ्या गावावर येऊन कोसळल्या आणि माणसं सैरभैर झाली. त्यानंतर त्या मुलीचं नाव उच्चारायचं नाही, असा नियमच झाला.

"ती गेली" असं मी लिहिलं. पुस्तकात शब्द आहे 'रिलीज'. म्हातारे, नियम मोडणारे, वजन न वाढणारी बाळं, यांना 'रिलीज' करतात. कुठे पाठवतात हे कोणी विचारत नाही. जोनसचा बाप लहान बाळांच्या संगोपनाचं काम करतो; प्रेमळ, थट्टेखोर माणूस. जुळ्यांतल्या हलक्या बाळाच्या कपाळातल्या शिरेत तो सुई देतो, बाळ निपचित होतं, मग त्याला खोक्यात घालून खाली सोडून देतो आणि हात हलवून टाटा करतो. हे पान नातीनं वाचलं नाही. तिनं आधीच वाचलेलं होतं. पुस्तक माझ्याकडे देऊन ती आत गेली.

थोड्या वेळानं बाहेर येऊन तिनं विचारलं, "रिलीजला मराठीत काय म्हणायचं?"

"सुटका," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता थांबले. आपण म्हणतोच की. सुटला बिचारा. सुटली एकदाची. आपल्या भाषेत तांदूळ संपत नाहीत, वाढतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. माणूस मरत नाही, देवाघरी जातो. यात माया आहे, नाही असं नाही. पण १९६३ साली माझा सात वर्षांचा भाऊ घटसर्पानं गेला तेव्हा मला, नऊ वर्षांच्या मुलीला, सांगितलं की तो देवाघरी गेला, आणि मी कितीतरी दिवस देव त्याला परत कधी पाठवणार म्हणून दारात बसत होते. मग घरात त्याचं नाव निघेनासं झालं. तसं कोणी ठरवलं नव्हतं. फोटो ट्रंकेत गेला. आई आमच्यासमोर कधी रडली नाही. बायका म्हणायच्या, "धीराची हो, अगदी स्थितप्रज्ञ." वर्गात ते श्लोक शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर तीच असायची. मुलांना मी लक्षण सांगायची ते तिच्यावरून.

किसागोतमीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती बुद्धाकडे आली, आणि ज्या घरात कोणी मेलं नाही तिथून मोहरी आण, असं त्यानं तिला सांगितलं. ती दारोदार फिरली आणि कुठलीच मोहरी चालेना. जोनसच्या वस्तीत ती गेली असती तर पहिल्याच दारात मूठभर मिळाली असती. तिथे कोणीच मेलेलं नाही, सगळे नुसते सुटलेले. ती ओटी भरून मोहरी घेऊन परत आली असती, आणि कडेवरचं मूल तसंच असतं. आमच्या घरीही, मला वाटतं, तिला मोहरी मिळाली असती.

लोरीबाईंना या पुस्तकाला १९९४ साली न्यूबेरी पदक मिळालं. त्या वेळच्या भाषणात त्यांनी आपल्या वडिलांबद्दल सांगितलं आहे. वडील वृद्धाश्रमात होते, आठवण जात चालली होती. भिंतीवर थोरल्या मुलीचा फोटो होता, आणि ती तरुणपणीच वारली हे त्यांना आठवत नव्हतं. त्यांचं दुःख गेलं होतं. हे बरं झालं का, असा प्रश्न लेकीला पडला आणि त्यातून ही वस्ती उभी राहिली.

माझी आई २००१ साली गेली. शेवटपर्यंत तिची आठवण लख्ख होती. तिची ट्रंक मी आवरली. तळाशी, लुगड्याच्या घडीत, एक दुरेघी वही निघाली. भावाची. पहिली अकरा पानं भरलेली, बाराव्यावर 'ळ'ची दीड ओळ, पुढे कोरी. कागद पिवळा पडून कुरकुरीत झालेला. पण वहीला कव्हर होतं ते कालनिर्णयच्या पानाचं, जून १९९४चं. कडा नीट दुमडलेल्या, कोपरे खळ लावून चिकटवलेले. तीस-एकतीस वर्षं ती त्या वहीला कव्हरं घालत होती, कधी, कुठे बसून, कोणास ठाऊक. आम्ही एका घरात राहत होतो.

म्हणजे ती दुःखांमध्ये होती. सप्तमीत. बायकांनी तिला दिलेला शब्द बरोबर निघाला, पण त्यांनी तो दिला ती वस्तीतल्यासारखी दिसत होती म्हणून. आणि तिनं एकटीनं ते सगळं अंगात साठवलं, त्या म्हाताऱ्यासारखं, त्याला मी शांती म्हणून वर्गात शिकवत राहिले. हा हिशेब मला अजून नीट लागलेला नाही. एवढं नक्की की सोबतीनं सोसण्याची मुभा तिला आम्ही दिली नाही. पुस्तकातला म्हातारासुद्धा हेच म्हणतो: आठवणीत वेदना आहेत हे एक वेळ चालेल, त्या वाटून घ्यायला कोणी नाही हे जास्त वाईट.

वही मीही कपाटात ठेवून दिली होती. कोणाला दाखवली नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी नातीला दाखवली. तिनं ती झोपाळ्यावर घेतली, कव्हर अलगद काढलं, आणि आतल्या मुखपृष्ठावर शाईनं लिहिलेलं नाव, इयत्ता, तुकडी सगळं वाचलं. मोठ्यानं वाचलं. साठएक वर्षांत आमच्या घरात ते नाव कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही.